चौऱ्याऐंशी फरश्या

मागच्या अंगणात फरश्या चौऱ्याऐंशी:
आडव्या सात, उभ्या बारा.
डाउवेनं त्या बसवल्या, त्याच वर्षी
मी कालव्याच्या पुलावर नोकरीला लागले.
दर शनिवारी तो खराटा फिरवायचा,
फटीत जे काही उगवू बघे
ते सुरीच्या टोकानं उपसायचा,
आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचा, बघ, कसं लख्ख!
लख्खच होतं.
मुंगीसुद्धा तिथून जाताना
चोरासारखी जायची.

एकतीस वर्षं पूल उचलला, पूल टेकवला.
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
होडीवाल्यांपुढे सोडायचा, नाण्यांसाठी.
दिवसभर दुसऱ्यांना वाट करून द्यायची
आणि घरी यावं, तर
आपल्याच दारामागे कुणाला वाट नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात
मी पहार बाहेर काढली.
डाउवे दारात. किती?
एक. भिंतीलगतची. हॉलीहॉकला.
एक, तो म्हणाला, आणि तर्जनी वर धरून उभा राहिला
मी विसरेन म्हणून.

फरशीखाली वाळू. वाळूखाली माती,
ओली, काळी, इतकी वर्षं तोंड दाबून बसलेली.
तिच्यात एक गांडूळ.
इतके दिवस काय खात होतं, देव जाणे.

मग दोन वर्षं घासाघीस.
तो म्हणे, मला काम नको वाढायला.
मी म्हटलं, मलाही नको,
म्हणून तर.
तुझे गुडघे त्या फटींपुढे किती दिवस टेकणार?
तीन फरश्या तो पत्त्यात हरला.
एक दंवानं तडकली, ती मोजायची नाही असं ठरलं.
सहा त्यानं आजारपणात सोडल्या,
बरा झाल्यावर परत मागितल्या.

आराखडा मी जुन्या नोंदवहीच्या पाठकोऱ्या कागदावर काढला;
पुढे होड्यांची नावं, मागे आमचं अंगण.
उत्तरेच्या भिंतीला आयव्ही:
बाकी सगळं मिटल्यावर, आश्विनाच्या थंडीत ती फुलते,
माश्या तिच्यावर शेवटच्या पंगतीला बसतात.
उन्हाकडे थाइम, खडीत; पाणी मागत नाही.
जस्ताचं घंगाळ गळ्यापर्यंत पुरलेलं,
आत विटांच्या पायऱ्या,
पडलेल्याला वर येता यावं.
आणि डाव्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात लिहिलं:
इथे काहीही करायचं नाही.

त्या चौकोनावरून सगळ्यात मोठं भांडण झालं.

लॅव्हेंडर पहिल्याच हिवाळ्यात गेलं.
गोगलगायींनी जे खायला नको ते आधी खाल्लं.
फ्रीसलंडातला वारा कुणाचा आराखडा वाचत नाही.

शेजारी तेस्फालेम, अस्माराचा.
कुंपणाला खालून भोक पाडू का, विचारलं
तर तो करवत घेऊनच आला.
त्याची लुवाम शाळेची पट्टी घेऊन पोटावर झोपली:
तेरा सेंटीमीटर उंच, तेरा रुंद.
तेस्फालेमनं विचारलं, ही वाट कुणाची?
हेजहॉगची, लुवाम म्हणाली,
कागद लागत नाहीत इथे.
तो हसला नाही. भोकाच्या कडा
पॉलिशकागदानं बराच वेळ घासत राहिला.

आला तो भाद्रपदातल्या एका रात्री.
आधी आवाज: म्हाताऱ्यानं नाक ओढावं तसा.
मग काट्यांचा गोळा, पायांवर हलणारा,
माझ्या रिकाम्या लाकडी बुटाला हुंगून
टोल न भरता गेला.
डाउवे खिडकीशी, विजेरी विझवून,
श्वास धरून.
सकाळी म्हणाला, झोप चांगली लागली.

उरलेल्या फरश्या तो अजून झाडतो.
पानं मात्र डाव्या कोपऱ्याकडे लोटतो,
वाऱ्यानं नेली असं सांगतो.
वाळके देठ कापायला आलेली कात्री
फाल्गुनापर्यंत खुंटीवरच राहते; पोकळ देठांत
कुणी कुणी चिखलानं दार लावून घेतलेलं असतं.

काल कपडे वाळत घालायला गेले
तर तीन फरश्यांवर
खडूची फुली.
मी विचारलं नाही.
चिमटे लावत राहिले,
पहार कुठे ठेवली आठवत.